माळ खरंच परत आला का? नाशिकच्या पडीक माळावर रानगवतं आणि रानफुलं रुजवायची, जोखायची रीत

पावसाळ्यात नाशिक जिल्ह्यातली कुठलीही पडीक जमीन हिरवी दिसते. सप्टेंबरात काढलेला फोटो दाखवून "आमचं कुरण तयार झालं" असं सांगणारे त्यामुळे पुष्कळ भेटतात. त्या हिरव्यात गाजरगवत किती, तरोटा किती आणि पवन्या-मारवेलसारखी टिकाऊ रानगवतं किती, हे फोटोतून कळत नाही. शिवाय पेरलेलं बी पहिल्या पावसात उगवलं यात विशेष काही नाही. उगवणं हा बियाचा धर्मच आहे. आपण पेरलेल्या किंवा राखलेल्या झाडांनी स्वतःचं बी टाकलं का, त्या बियांतून कुणाच्या मदतीशिवाय रोपं आली का, आणि ती नाशिकचा एक उन्हाळा काढून पुढच्या जूनला पुन्हा फुटली का, हे बघायचं. माझ्या लेखी माळ परत येतोय की नाही याची कसोटी एवढीच. खालची सगळी कामं त्या दिशेने लावली आहेत. सिन्नरकडे एक-दोन एकर मुरमाड जमीन घेऊन ठेवलेल्या माणसाला आणि गावच्या गायरानाची राखण करणाऱ्या मंडळींना, दोघांनाही ती करता येतील.

आधी जमीन ओळखा

नाशिक जिल्ह्यात "इकडचा पाऊस" असं काही नसतं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या घरात. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागातल्या कातळपठारांवर आणि डोंगरमाथ्यांवर मुळात काही पेरायला जाऊच नका. तिथे दोन बोटं मातीतही सोनकी, तेरडा, नभाळी, सीतेची आसवं आपापल्या वेळेला येतात. त्यांना हवी आहे राखण: गाड्या वर चढू नयेत, चर खोदू नयेत, कुणी हौसेने रोपं लावू नयेत. अंजनेरीच्या नावावरून ज्याचं नाव पडलं तो कंदीलपुष्पाचा प्रकार अशाच जागी राहतो.

हा लेख मुख्यतः मधल्या आणि पूर्वेकडच्या पट्ट्यासाठी आहे: सिन्नर, चांदवड, येवला, नांदगाव, मालेगाव आणि नाशिकच्या भोवतालच्या टेकड्या. भारतातल्या गवताळ प्रदेशांची जी वर्गवारी 1973 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात दख्खनचा हा भाग पवन्या आणि मारवेल या दोन गवतांच्या कुळांवरून ओळखल्या जाणाऱ्या गटात येतो. म्हणजे इथला चांगला माळ कसा दिसायला हवा याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. येवला तालुक्यातल्या ममदापूरच्या काळवीटांच्या राखीव क्षेत्रात परवानगी घेऊन ऑक्टोबरात एक फेरी मारा, म्हणजे डोळ्यांना माप मिळतं.

आता आपली जमीन. पहारीने पाच-सहा ठिकाणी वीतभर खड्डा घेऊन बघा. खाली लगेच मुरूम लागला तर बरं झालं. भुकेल्या जमिनीत रानफुलांना जागा मिळते; सकस जमिनीत उंच, दांडगी झाडं बाकीच्यांना दाबून टाकतात. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला 1856 पासून एका कुरणावर हाच प्रयोग चालू आहे. जिथे खत पडत राहिलं तिथे चारा वाढला आणि झाडांचे प्रकार घटले. म्हणून या जमिनीवर शेणखताची ट्रॉली, डीएपी, काही म्हणजे काही टाकायचं नाही. शेतकरी माणसाला हे पचत नाही, पण इथे आपण पीक घेत नाही.

दुसरी गोष्ट, जमीन कधी नांगरली गेली आहे का? सातबारावर पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) लिहिलेला असला तरी एखाद्या वर्षी कुणी मठ-बाजरी पेरलेली असते, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. न नांगरलेल्या माळाची खूण म्हणजे कंद. कोळकांदा, कळलावी, मुसळी, कुली यांपैकी दोन-तीन जरी विखरून दिसली, तरी जमिनीखाली जुनं गोत शाबूत आहे असं समजा. हे कंद नांगराने एकदा उलटले की परत यायला फार वर्षं लागतात. असा माळ तुमच्याकडे असेल तर पुढची पेरणीची सगळी माहिती तुमच्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. थेट कापणी-चराईच्या भागाकडे जा.

कागदपत्रांचंही एकदा निपटून घ्या. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव हवा, आणि गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिलाही सोबत घ्या. वनखात्याच्या हद्दीतून बी आणायचं तर परवानगी लागते. बोरगड, अंजनेरी, ममदापूर यांसारख्या राखीव क्षेत्रांतून तर एक काडीही उचलायची नाही.

पहिला पावसाळा: हात बांधून बसा

हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. देणगी आली की जेसीबी येतो, चर निघतात, गिरिपुष्पाची रोपं लागतात, आणि मुरूम उलटल्याबरोबर त्या उघड्या पट्टीवर गाजरगवत येतं. एक पावसाळा फक्त चराई थांबवा. सगळी जमीन जमत नसेल तर निदान दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा काट्यांनी वेढा. जून ते नोव्हेंबर काय काय उगवतं त्याची यादी करा, महिन्याला एकदा.

गवतं ओळखायला फूल यायची वाट बघावी लागत नाही. मारवेलची काडी हातात घेऊन पेर बघा, पेराभोवती पांढऱ्या बारीक केसांचं कडं असतं. कुसळीच्या बुंध्याकडची पानाची खोळ दोन्हीकडून चेपल्यासारखी चपटी लागते; ऑक्टोबरात तिची काळपट कुसळं एकमेकांत पीळ घालून शेंडीसारखी उभी राहतात, तेव्हा तर लांबूनही चुकत नाही. अंजनचं कणीस बोटांत चोळलं की मऊ, केसाळ लागतं. बहुवर्षायु गवत आणि एका वर्षाचं गवत यांतला फरक बुंध्यात दिसतो. झुपक्याच्या तळाशी मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्यांचे खुंट असतील तर ते गवत टिकणारं आहे. नुसतं हिरवं, हलक्या हाताने उपटून येणारं असेल तर ते दिवाळीला संपणार.

पावसाळाअखेर तुमची यादी काय सांगते त्यावर पुढचं ठरतं. टिकाऊ गवतांचे झुपके पाच-दहा पावलांवर एकेक तरी दिसत असतील तर पेरू नका, नुसती राखण करा. सगळीकडे तरोटा, गाजरगवत, कंबरमोडी आणि मधेमधे हरळी असेल, तर बी आणावं लागेल.

नको ते काढायचं

गाजरगवत फुलण्याआधी, ओल्या मातीत, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुललेलं झाड उपटून बांधावर टाकलं तर बी तिथेही पडतं. त्वचेला खाज सुटते, काहींना श्वासाचा त्रास होतो, त्यामुळे ज्याला एकदा त्रास झालाय त्याला या कामाला लावू नका. गाजरगवतावर सोडला जाणारा मेक्सिकन भुंगा भारतात 1984 पासून वापरात आहे. एखाद्या वर्षी तो पानांची चाळण करतो, एखाद्या वर्षी दिसतच नाही. भरवसा हातावरच ठेवा. तणनाशक मात्र नको. द्राक्षबागेच्या बांधावरची सवय इथे आणली तर गाजरगवतासोबत रानमूगही जातो आणि उघडी पडलेली जमीन पुन्हा गाजरगवतालाच मिळते.

वेडी बाभूळ आणि सुबाभूळ नुसती तोडली तर चौपट फुटते. बुंध्याखाली वीतभर खोल जाऊन खोडाची गाठ काढावी लागते, आणि खड्डा लगेच बुजवून त्यावर गवताचे ठोंब लावावे लागतात. घाणेरीचंही तसंच. बोर, हिवर, बाभूळ यांची तुरळक झाडं मात्र माळाचीच आहेत, त्यांना हात लावू नका.

एक वाट लोकांच्या लक्षात येत नाही. वेडी बाभळीच्या शेंगा मेंढ्या आवडीने खातात आणि बी लेंड्यांतून धडधाकट बाहेर पडतं. एप्रिल-मेमध्ये माळावरून कळप जाणार असेल तर तो आधी कुठे चरला ते मेंढपाळाला विचारून घ्या. त्याला बरोबर माहीत असतं.

बी: कुठलं, कधी, कसं

बी आपल्यासारख्याच पावसाच्या आणि मातीच्या जागेतून आणायचं. इगतपुरीच्या उतारावरचं बी येवल्याच्या मुरमात टाकून उपयोग नाही. शक्यतो त्याच तालुक्यातलं, रस्त्याच्या कडेचं, देवराईजवळचं, कुणाच्या जुन्या बांधावरचं घ्या. एका जागेवरचं पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त बी घेऊ नका, नाहीतर एक माळ उभा करायला दुसरा नागवला असं होतं. बाजारात "रानफुलांचं मिश्रण" म्हणून पाकिटं मिळतात. त्यांत बहुधा कॉसमॉस आणि झिनिया असतात. नारिंगी कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांवर कसा पसरला आहे ते बघून या, मग पाकीट घ्या. चाऱ्यासाठी दिला जाणारा स्टायलोही दक्षिण अमेरिकेतला. गोठ्यासाठी उत्तम, पण रानमाळ हवा असेल तर त्याला शेतातच ठेवा.

पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी यांचं बी साधारण दसरा ते दिवाळी या काळात पिकतं. कणीस मुठीत धरून वरच्या दिशेला ओढा. सहज सुटून आलं तर पिकलं आहे, जोर लावावा लागला तर आठ दिवसांनी या. सगळी कणसं एकदम पिकत नाहीत म्हणून दोन फेऱ्या धरून चला. रानमूग, रानउडीद यांच्या शेंगा मात्र सकाळी दवात तोडायच्या. ऊन चढलं की त्या तडकतात आणि हातात टरफलं राहतात.

आणलेलं बी चार-पाच दिवस सावलीत पसरून वाळवा आणि कापडी पिशवीत किंवा गोणपाटात भरा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. पिशवीवर गवताचं नाव, जागा, तारीख लिहा. लगेच पेरायची घाई नको: ताजं बी, विशेषतः कुसळीचं, झोपलेलं असतं आणि काही महिने गेल्याशिवाय उगवत नाही. हिवाळा आणि उन्हाळा पिशवीत काढला की जूनला ते तयार होतं.

मे महिन्यात उगवण तपासा. रानगवतांच्या बियांत पोकळ फोलपटं फार असतात, वजनावर जाल तर फसाल. शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, दोन आठवडे ओल टिकवा आणि कोंब मोजा. बी चांगलं भरलेलं असेल तर एकरी दोन किलो पुरतं. शंभरातले पंधरा-वीसच उगवले तर दुप्पट घ्या. शेंगवर्गीय बियांची साल कडक असते, म्हणून ती पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये हलकी घासून घेतात. मी सांगेन की निम्मंच घासा. पावसाने जुलैत दडी मारली तर घासलेलं सगळं उगवून जळतं. न घासलेलं मातीत थांबून राहतं आणि पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी येतं.

कुसळीचं एक बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका. खालचं टोक सुईसारखं अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले तपकिरी केस, आणि वर पीळ पडलेलं लांब कुसळ. ओल लागली की तो पीळ सुटायला लागतो आणि सगळं बी तळहातावर गोल फिरतं. वाळलं की पीळ पुन्हा बसतो. जमिनीवर पडलं की दिवसाचं ऊन आणि रात्रीचं दव याच फिरकीने त्याला मातीत रोवतात, आणि मागे वळलेले केस त्याला वर येऊ देत नाहीत. धोतराच्या काठात आणि मेंढीच्या लोकरीत ते शिरतं तेही असंच. या बियाला आपण खोल गाडायची काही गरज नाही.

पेरणी

मृगाच्या पहिल्या सरीवर भुलू नका. पूर्वेकडच्या तालुक्यांत आर्द्रा लागून दोन-तीन चांगले पाऊस झाले आणि माती वीतभर ओली झाली की पेरा. कोरड्यात टाकलेलं बी मुंग्या ओढून नेतात. मुंग्यांचा त्रास जास्त असेल तर माती आणि थोडं शेण कालवून बियांच्या बोराएवढ्या गोळ्या करा. एका गोळीत तीन-चार बिया पुष्कळ झाल्या. बियांपुरतं एवढं शेण चालतं.

सगळी जमीन उकरायची नाही. जिथे माती उघडी आहे तेवढेच डाग दाताळ्याने ओरखडा. बी चौपट वाळलेल्या मातीत मिसळून फेका, म्हणजे ते सारखं पडतं. वर अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त माती नको. मग पायाने दाबा, नाहीतर मेंढ्यांचा कळप एकदा वरून फिरवून घ्या. खुरांनी बी मातीला छान चिकटतं. उतारावर मात्र बी समतल रेषेत आडव्या पट्ट्यांनी टाका, नाहीतर पहिल्या झोडप्यात सगळं ओघळीत जमा होतं.

ज्या गवताचं बी मिळत नाही किंवा उगवत नाही त्याचे ठोंब लावा. मारवेल आणि डोंगरी यांना हे चांगलं मानवतं. संततधार लागली की झुपका खणून दोन-तीन फुटव्यांचा एक ठोंब करा, पानं वीतभर ठेवून छाटा आणि दीड-पावणेदोन फुटांवर लावा. गुंठ्याला साधारण चारशे ठोंब लागतात. हे मजुरीचं काम असल्याने सगळ्या माळावर करत बसू नका. दर पाच-सहा गुंठ्यांत एक गुंठा ठोंबांचा केला की तो बियांचा साठा होतो, पुढचं वारा बघतो.

फुलझाडांचं बी गवताबरोबर एकत्र टाकावं की नंतर, यावर मतं वेगळी आहेत. मला एकत्र टाकणंच बरं वाटतं. गवत एकदा दाट झालं की बारीक रोपाला उजेड मिळत नाही.

काय लवकर येतं, काय येतच नाही

पहिल्या-दुसऱ्या वर्षी केना, कुर्डू, रानतीळ, तुंबा, विष्णुक्रांता, रानमूग आणि बारीक पानांचे शेंगवर्गीय प्रकार येतात. त्यातले पुष्कळ न पेरताही उगवतात. मधमाश्या आणि फुलपाखरं त्यांच्यावर लगेच यायला लागतात आणि आपल्याला वाटतं जिंकलो. ही सगळी भटकी मंडळी आहेत, उघडी जागा दिसली की येतात आणि गवत भरलं की सरकतात.

गवतांमध्येही क्रम असतो. बेसुमार चरलेल्या माळावर आधी केसासारख्या बारीक काड्यांची एका वर्षाची गवतं असतात. राखण झाली की कुसळी चढते, आणि मग सावकाश पवन्या, मारवेल, डोंगरी. कुसळीचा माळ ही मधली पायरी आहे. दर वर्षी वणवा लागत राहिला तर माळ याच पायरीवर अडकतो, कारण आगीनंतर कुसळीच सगळ्यांत जोमाने उठते.

कंदवाल्या झाडांचं गणित निराळं आहे. कळलावीचं बी उगवलं तरी फुलायला काही वर्षं जातात. जमिनीवरच्या आमरींना (ऑर्किडना) उगवायला मातीतली ठरावीक बुरशी सोबत लागते. कंदीलपुष्पांना त्यांची कपार आणि त्यांचे कीटक हवेत. जगभर मोडलेल्या माळांचा अनुभव हाच आहे, की दशकं उलटली तरी नव्याने उभ्या केलेल्या माळावर जुन्या माळाइतके प्रकार दिसत नाहीत, आणि जे कमी पडतात त्यांत जमिनीखाली साठा करणारी झाडं पुढे असतात. म्हणून डोंगरावरचे कंद खणून आपल्या माळावर लावायचा मोह टाळा. तिथला गेला आणि इथला जगला नाही, असा दुहेरी तोटा होतो.

गवताच्या मुळांवर अर्धवट जगणारी, टारफुल्याच्या नात्यातली फुलझाडं कधीमधी दिसतील. ज्वारीतल्या शत्रूची आठवण येऊन ती उपटू नका. ती गवताचा जोर थोडा मोडतात आणि त्या जागी इतरांना फट मिळते.

कापणी, चराई आणि वणवा

बंदी म्हणजे कायमची बंदी असं नाही. चार-पाच वर्षं गवत कापलं नाही आणि चरलंही नाही, तर वाळक्या काड्यांची गादी साचते, खालचा उजेड जातो आणि बारकी फुलझाडं एकेक करून गायब होतात. गवत निघायलाच हवं, प्रश्न फक्त वेळेचा आहे.

इथे एक खरा पेच आहे. चाऱ्याला गवत हवं तर कुसळ पिकण्याआधी कापावं लागतं, नाहीतर जनावरांच्या तोंडाला आणि कातड्याला टोचतं. पण तेव्हा कापलं तर बी पडत नाही. यावर तोडगा असा, की माळाचे तीन भाग करा. दोन भाग चाऱ्यासाठी वेळेवर कापा, तिसरा बी पडेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ठेवा. तो राखीव भाग दर वर्षी बदलत न्या. गावाला चारा मिळतो आणि प्रत्येक तुकड्याला तीन वर्षांत एकदा बियाची पाळी मिळते. पहिली दोन वर्षं मात्र सगळाच माळ बी पडेपर्यंत राखा.

कापताना विळा जमिनीला टेकवू नका, चार बोटं बुंधा राहू द्या. कापलेलं तिथेच सोडू नका, उचलून न्या. चराई हिवाळ्यात, मोजक्या जनावरांची आणि थोडे दिवस ठेवा. जुलै ते ऑक्टोबर पूर्ण बंद. हे कुंपणाने होत नाही, बोलण्याने होतं. धनगरांचा वाडा दर वर्षी कोणत्या महिन्यात तुमच्या शिवारातून जातो ते माहीत करून घ्या आणि त्यांना कापलेल्या भागात जागा द्या.

वणव्यासाठी जानेवारीअखेर हद्दीवर पाच-सहा पावलं रुंद पट्टा कापून साफ करा. रस्त्याची बाजू आधी.

मोजणी

आता मुख्य काम. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे मीटरभराचे चार तुकडे आणि चार एल्बो घ्या, एक मीटर बाय एक मीटरची चौकट तयार. एका बाजूचा एल्बो चिकटवू नका. दाट गवतात चौकट उघडी करून खालून सरकवावी लागते.

दोन एकरांपर्यंत वीस चौकटी पुरतात. त्या कुठे टाकायच्या हे माळावर उभं राहून ठरवायचं नाही, कारण पाय आपोआप फुलांकडे वळतात. घरी बसून जमिनीचा कच्चा नकाशा काढा, चौकोन पाडा, नंबर द्या आणि चिठ्ठ्या उचला. जागा कायमच्या ठेवा. मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यावर मीटरभराची चौकट परत सापडत नाही. लोखंडी गज ठोकलात तर दुसऱ्या वर्षी गजही नाही आणि जागाही नाही. ऑइलपेंट लावलेले दोन दगड, समोरासमोरच्या कोपऱ्यांत अर्धे गाडलेले, हे टिकतं.

वीसपैकी पाच चौकटी अशा भागात हव्यात जिथे राखण आहे पण पेरलेलं काही नाही. हा तुकडा सोडायला लोकांचा जीव होत नाही, पण तो नसेल तर मोजणीला अर्थ नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळंच वाढतं. मग श्रेय तुमच्या बियाचं की पावसाचं, ते ठरणार कसं? त्याच कारणासाठी माळावर साधं पर्जन्यमापक ठेवा किंवा आपल्या महसूल मंडळाचे पावसाचे आकडे वहीत उतरवत चला.

वर्षाला तीन फेऱ्या. जुलैच्या सुरुवातीला रोपांसाठी, पोळ्यानंतर सप्टेंबरच्या मध्यात फुलांसाठी, आणि नोव्हेंबरात बियांसाठी. प्रत्येक चौकटीत पाच गोष्टी लिहा: कोणकोणती झाडं आहेत, प्रत्येकाने किती टक्के जमीन झाकली आहे, टिकाऊ गवतांचे झुपके किती, फूल किंवा बी आहे का, आणि नवी रोपं किती. टक्केवारीसाठी तळहात वापरा. बोटं सोडून नुसता तळवा साधारण दहा बाय दहा सेंटिमीटरला जरा कमी भरतो, म्हणजे एका तळव्याला एक टक्का धरून चाललं तर हिशेब बसतो. नाव येत नसेल तर "अ-1", "अ-2" असे नंबर द्या, चौकटीबाहेरची एक फांदी वर्तमानपत्रात दाबा आणि पानाची पुढची-मागची बाजू, पेर, फूल, बुंधा यांचे फोटो घ्या. नाव पुढच्या वर्षी कळलं तरी नोंद वाया जात नाही.

शिवाय एक वेगळं काम. ऑगस्टमध्ये पवन्या-मारवेलची पन्नास नवी रोपं शोधा, ठोंबांपासून लांबची, म्हणजे बियांतून आलेली. प्रत्येकाशेजारी रंगीत वायरचा तुकडा खोचा आणि वहीत जागा लिहा. पुढच्या जुलैत त्यातली किती हिरवी आहेत ते मोजा. मार्च ते मे हीच खरी परीक्षा. पन्नासातली दहा-बारा उरली तरी निराश होऊ नका. टिकलेला झुपका पुढे कित्येक वर्षं बी टाकतो.

वहीतले आकडे वाचायचे कसे

सगळ्यात कामाचा आकडा म्हणजे एखादं झाड किती चौकटींत दिसलं. समजा पेरलेल्या पंधरा चौकटींपैकी पहिल्या वर्षी पवन्या तीनमध्ये होता आणि चौथ्या वर्षी नऊमध्ये. म्हणजे वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर गेला. न पेरलेल्या पाच चौकटींत तो एकातच राहिला, तर तुमच्या बियाने काम केलं असं म्हणायला जागा आहे. दोन्हीकडे सारखाच वाढला असेल तर राखणीने काम केलं, आणि पुढच्या माळावर बियाचा खर्च वाचला. नुसती प्रकारांची संख्या फार मनावर घेऊ नका. तीसपैकी वीस प्रकार जर बाहेरून आलेली तणं असतील तर ती संख्या फुशारकीची नाही. टिकाऊ गवतं, स्थानिक शेंगवर्गीय, इतर स्थानिक फुलझाडं आणि तणं असे चार गट वेगळे लिहा.

गवत फुलतंय, बी धरतंय, पण नवी रोपं दिसत नाहीत, असं झालं तर आधी जमिनीवरची काड्यांची गादी तपासा. तीच बहुधा कारण असते. ती बाजूला केलेल्या हातभर जागेत पुढच्या जूनला रोपं आली तर उत्तर मिळालं. रोपं येतात पण उन्हाळ्यानंतर उरत नाहीत, तर कुंपणाची फट शोधा. मार्चमध्ये हिरवा ठिपका दिसला की शेळी तो सोडत नाही. गाजरगवत वाढत असेल तर कुणी तरी कुठे तरी माती उकरतंय, मग ते तुमचेच मजूर का असेनात.

पेरलेल्या पट्ट्याच्या बाहेर, दहा-पंधरा पावलांवर, कुणी न लावलेला पवन्याचा झुपका दुसऱ्या पावसाळ्यातही फुटलेला दिसला, की पेरणी बंद करा. बियाण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे राखणदाराच्या पगाराला लावा, कारण फेब्रुवारी ते जून माळावर माणूस लागतोच.